पन्नाशीनंतरचे माहेर

थकवा ही आमच्या दवाखान्यातील सर्वांत जुनी तक्रार. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात, उन्हाळ्यात उलट्या-जुलाबाचे. थकव्याला मात्र ऋतू नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायका समोर येऊन बसतात आणि म्हणतात, "डॉक्टर, दुखत काही नाही, पण उठावंसंच वाटत नाही."

अशा वेळी आधी तपासण्या कराव्याच लागतात. रक्त कमी असते, साखर वाढलेली असते, थायरॉईड मंदावलेली असते, कधी हृदयाचा आजारही बाईच्या बाबतीत नुसत्या थकव्याच्या रूपाने पुढे येतो. तेव्हा वाचक भगिनींनी 'वयोमानाने होतंय' असे स्वतःच ठरवून घरी बसू नये. परंतु सगळे रिपोर्ट चांगले आले की आम्ही डॉक्टर मंडळी एक सोपे वाक्य टाकून मोकळे होतो, "जरा विश्रांती घ्या, कुठेतरी जाऊन या."

हे वाक्य मी गेली पंचवीस-तीस वर्षे उच्चारत आलो. कुठे जायचे आणि तिथे काय करायचे, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. तो करायला मला माझ्या दोन रुग्णांनी भाग पाडले. त्या दोघींविषयी आज लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

पहिल्या बाई जळगावच्याच. मुलगा अमेरिकेत. "आई, इकडे ये, सहा महिने आराम कर," असे त्याने सांगितले आणि बाई मोठ्या हौसेने गेल्या. परत आल्या त्या वजन कमी होऊन आणि कंबर धरून. मी विचारले, "आराम झाला ना?" त्या हसल्या. सकाळी सुनेचा डबा, मग नातवाचे आंघोळ-जेवण, दुपारी तो झोपला की भांडी, संध्याकाळी पोळ्या. बाहेर बर्फ. गाडी चालवता येत नाही, म्हणून शनिवार-रविवारशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. "डॉक्टर, इथलंच घर तिथे नेलं होतं, एवढंच," त्या म्हणाल्या. नातवावर त्यांचा जीव आहे आणि मुलाचा हेतूही वाईट नव्हता. परंतु ही विश्रांती नव्हती, बदली होती.

दुसऱ्या बाई धुळ्याला शाळेत शिक्षिका होत्या. तीस वर्षांवर नोकरी करून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे जळगावला राहायला आल्या. यजमान आधीच वारलेले. रक्तदाबाची गोळी चालू, शिवाय झोप येत नाही म्हणून झोपेची अर्धी गोळी. २०२४ ची दिवाळी जवळ आली होती तेव्हा त्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मला नेपाळला जायचंय. एकटीला. अठरा दिवस. तब्येत तपासून द्या."

मला वाटले पशुपतिनाथाच्या यात्रेला निघाल्या असतील. पण नाही. काठमांडूजवळच्या भक्तपूर या जुन्या गावात कुंभारांचा एक चौक आहे. तिथे चाकावर भांडी घडवतात आणि चौकातच उन्हात वाळत घालतात. बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांनाही तिथे चाकावर बसवून शिकवतात. बाईंना ते शिकायचे होते.

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा आला. चांगला, समंजस मुलगा. म्हणाला, "डॉक्टरकाका, तुम्हीच आईला सांगा, तब्येतीला झेपणार नाही म्हणून. आमचं ती ऐकत नाही. लोक काय म्हणतील? मुलगा-सून असताना आई एकटी परदेशात! न्यायचंच तर आम्ही सगळे मिळून नेऊ की."

खरे सांगतो, मी त्याचे ऐकण्याच्या बेतात होतो. रक्तदाब १५२/९४ होता. 'सध्या प्रवास नको' एवढे लिहिले असते की काम झाले असते आणि घरातही शांतता राहिली असती. डॉक्टरच्या कागदाला आपल्याकडे मोठे वजन असते. परंतु लिहिण्यापूर्वी मी स्वतःला विचारले की हे मी तिच्या रक्तदाबासाठी लिहितो आहे की मुलाच्या काळजीसाठी? याच बाई नातवाच्या मुंजीसाठी नाशिकला निघाल्या असत्या, तर तेवढ्याच रक्तदाबावर मी त्यांना जाऊ दिले असते. उत्तर मिळाले. ईसीजी काढला, गोळीचा डोस बदलला, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले आणि 'प्रवासास हरकत नाही' असे लिहून दिले.

जाण्याआधी मी बाईंना एक प्रश्न विचारलाच. "कुंभारकामच शिकायचं तर आपल्या गावातला कुंभारवाडा काय वाईट?" त्यांचे उत्तर माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, इथे मी चिखलात हात घातला की दहा जण धावतील. बाई, तुम्ही कशाला, बसा खुर्चीवर, चहा घ्या. इथे मी कुणाची तरी आई आहे, कुणाची सासू, कुणाची बाई. तिथे मी कुणीच नाही. मला थोडे दिवस कुणीच नसायचंय."

हे ऐकताना मला आपली आखाजी आठवली. अक्षय्य तृतीया सगळ्या महाराष्ट्रात असते, पण खान्देशात ती सासुरवाशिणींची. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. नवरा बरोबर नाही, सासू बरोबर नाही. वर्षभर ज्या बाईला पहाटे पाचला उठावे लागे, तिला आखाजीला आई म्हणे, "निज अजून थोडी." आपल्या आज्या-पणज्यांनी 'सुट्टी' हा शब्द वापरला नसेल, पण बाईला एकटीने घराबाहेर पडून, जबाबदारी खाली ठेवून काही दिवस राहण्याची गरज असते, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याची सोय त्यांनी सणातच करून ठेवली होती.

अडचण पुढे येते. पन्नाशीत बाईचे आई-वडील बहुधा राहिलेले नसतात. भाऊ-भावजय प्रेमळ असले तरी तिथे ती पाहुणी असते. आता तिच्याच घरी लेकी माहेरपणाला येतात आणि त्यांचे माहेरपण ती करते. म्हणजे ज्या वयात शरीर थकायला लागते, रक्तदाब-साखर सुरू होते, पाळी जाण्याच्या काळातील झोपेच्या तक्रारी असतात, नेमके त्याच वयात तिचे माहेर संपते. माझ्या मते आपल्या भागातील कितीतरी 'रिपोर्ट चांगले' असलेल्या थकव्याचे मूळ इथे आहे.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावातील हजारो लोकांचा हृदयरोगासाठी अनेक दशके अभ्यास झाला. त्यातील स्त्रियांच्या वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. घर सांभाळणाऱ्या ज्या स्त्रिया क्वचितच सुट्टीवर जात, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि त्याने येणारा मृत्यू अधिक आढळला. फिनलंडमध्ये १९७४ पासून ज्यांच्यावर लक्ष ठेवले होते अशा पुरुष अधिकाऱ्यांचा अहवाल २०१८ मध्ये मांडला गेला. आरोग्याचा सल्ला घेऊनही वर्षाला तीन आठवडे किंवा त्याहून कमी सुट्टी घेणाऱ्यांत, अधिक सुट्टी घेणाऱ्यांच्या तुलनेत, पुढील तीस वर्षांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्के जास्त होते. आता सुट्टी घेतली म्हणून झटका टळलाच, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला सुट्टी परवडते त्याला चांगले अन्न आणि औषधही परवडते, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण दुर्लक्ष करावे असेही हे आकडे नाहीत.

मग सुट्टीत शिकायचे कशाला? नुसते पडून का राहू नये? सबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकारी फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये माणूस कामाच्या शिणातून कसा सावरतो, याची मांडणी केली. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. रोजच्या कामाचा विचार मनातून सुटणे, शरीर-मन सैल पडणे, आपला वेळ आपल्या हातात असणे, आणि एखादी नवी गोष्ट जमू लागणे. पडून राहिल्याने फार तर दुसरी साधते. पहिली साधत नाही, कारण रिकामे डोके घरी धावते. गॅसचा नंबर लावला असेल का, धुणेवालीचे पैसे दिले का. हाताखाली चिखल फिरत असताना मात्र गॅस आठवत नाही.

अमेरिकेतच डेनिस पार्क या संशोधक बाईंनी साठीपुढच्या लोकांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांहून अधिक, गोधडीकाम किंवा फोटोग्राफी शिकवली. काही जणांनी तेवढाच वेळ एकत्र जमून गप्पा-टप्पा, सहलींत घालवला. नवे काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारलेली दिसली. आपल्याकडची गोधडी शिवणारी आजी हे वाचून हसेल, पण मुद्दा तिच्याच बाजूचा आहे.

आता बाईंच्या प्रवासाचे काय झाले ते सांगतो. पहिल्या दोन रात्री त्या रडल्या. परत यावेसे वाटले. तिसऱ्या दिवसापासून सकाळी तीन तास चाकावर, दुपारी दाल-भात खाऊन झोप, संध्याकाळी न्यातपोल या पाच मजली देवळाच्या पायऱ्यांवर बसणे आणि मातीच्या वाडग्यातले तिथले प्रसिद्ध दही, जुजू धौ. पाट्या देवनागरीत, हिंदी बऱ्याच जणांना समजते, त्यामुळे भाषेची अडचण झाली नाही. पाच दिवस एकही भांडे उभे राहिले नाही. शिकवणारा तरुण त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, तो नुसता हसायचा आणि पुन्हा गोळा ठेवायचा. "डॉक्टर, तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईने खुणा केल्या. तिथे कितीतरी वर्षांनी माझी वही कुणीतरी तपासली. फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. येताना त्यांनी मला एक पणती आणून दिली. एका बाजूला कललेली आहे. ती दवाखान्यातील टेबलावर आहे.

रक्तदाबाचेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आल्यावर १३४/८४ भरला. दोन महिन्यांनी पुन्हा १४४/९० वर गेला. सुट्टीचा परिणाम ओसरतो, हे जगभर दिसून आले आहे. गोळी त्यांना आजही घ्यावी लागते. पण झोपेची गोळी आम्ही हळूहळू कमी करून बंद केली ती बंदच राहिली. आणि आता त्या आठवड्यातून दोन दिवस इथल्याच एका कुंभाराकडे जातात. खुर्चीवर बसत नाहीत. मला वाटते, सुट्टीचे फळ ते हेच. अठरा दिवसांचा आराम ओसरला, पण शिकलेले बरोबर आले.

मराठी वाचकांना एकट्या बाईचा प्रवास तसा नवा नाही. 'माझं लंडन', 'चिनी माती', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' लिहिणाऱ्या मीना प्रभु व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी कितीतरी देश एकटीने पाहिले. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांची पुस्तके आपल्या वाचनालयांतून झिजली, पण वाचणाऱ्या किती जणी निघाल्या? आणि आपल्या जळगाव स्टेशनवर पाठीवर बोजा घेऊन एकट्या उतरणाऱ्या, अजिंठ्याची बस विचारणाऱ्या परदेशी बायका आपण वर्षानुवर्षे पाहतो. योग शिकण्यासाठी असे परदेशी लोक पुण्यात १९७५ पासूनच्या अय्यंगार योग संस्थेत आणि लोणावळ्याला १९२४ पासूनच्या कैवल्यधामात येतात. आपले घर त्यांचे परदेश. ते आपल्याकडे शिकायला येतात आणि आपण मात्र मुलाच्या घरी पोळ्या लाटायलाच विमानात बसतो.

"डॉक्टर, हे पैसेवाल्यांचे चोचले," असे कुणी म्हणेल. बाईंच्या त्या अठरा दिवसांचा खर्च, त्यांच्याच हिशोबाने, नातवाच्या बारशाच्या मांडवापेक्षा कमी आला. मांडवाला आपण चोचला म्हणत नाही. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांच्यासाठी जवळचे मार्ग आहेत. इगतपुरीला आणि धुळ्याजवळ तिखीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. राहण्या-जेवणाची फी नसते, शेवटी ऐच्छिक दान असते. मात्र पहाटे चारला उठणे आणि मौन पाळावे लागते, म्हणून ती आरामाची सहल समजू नये, आणि मानसिक आजाराचे औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. निवृत्त पुरुषांनाही हे सगळे लागू आहे. ओट्यावर बसून सुनेच्या कामात चुका काढण्यापेक्षा पंधरा दिवस कुठेतरी जाऊन तबला शिकणे दोघांच्याही प्रकृतीला हितकारक!

जायचे ठरवलेच तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) महिनाभर आधी रक्तदाब, साखर, ईसीजी आणि दातही तपासून घ्यावेत. परगावी दाढ दुखण्यासारखा दुसरा छळ नाही. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल तर प्रवास पुढे ढकलावा.

२) नेहमीची औषधे दिवसांच्या दीडपट न्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या सामानात टाकू नये, ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.

३) भक्तपूर सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे, तिथे उंचीचा त्रास होत नाही. पण 'आलोच आहोत तर मुक्तिनाथ करू' असे परस्पर ठरवू नये. ते साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. अडीच हजार मीटरपुढे डोकेदुखी, मळमळ, दम लागणे सुरू होऊ शकते.

४) नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर घ्यावे, आधार कार्डावर विसंबू नये. नियम आणि तिथली परिस्थिती निघण्यापूर्वी पाहावी. २०२५ च्या सप्टेंबरात तिथे मोठी आंदोलने होऊन काठमांडूचा विमानतळ काही काळ बंद होता. प्रवास विमा काढताना आजार लपवू नये, नाहीतर ऐनवेळी विमा उपयोगी पडत नाही.

५) लांबच्या प्रवासात दर तासा-दोन तासांनी उठून पाय मोकळे करावेत. पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद प्यावे. कुत्रा किंवा माकड चावले तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

६) घरी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी फोन करावा. त्याहून अधिक नाही. घरच्यांनीही लोणच्याची बरणी कुठे आहे, हे विचारायला फोन करू नये.

आणखी एक इशारा. सतत रडू येणे, भूक जाणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही लक्षणे साध्या थकव्याची नव्हेत. त्यावर सहल हा उपाय नाही. तिथे मानसोपचार तज्ज्ञांचे उपचार हवेत आणि ते वेळेवर हवेत.

शेवटी माझी स्वतःची चूक. हे सगळे विचार डोक्यात घोळत असताना एके रात्री जेवताना मी पत्नीला विचारले, "तुला एकटीला कुठे जावंसं वाटतं का?" तिची आई जाऊन अकरा वर्षे झाली. त्यानंतर ती एकटी कुठेही राहिलेली नाही, हे मला बोट मोजल्यावर कळले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला पोहायला शिकायचं होतं. लहानपणी गिरणेवर भाऊ शिकले, मला काठावर कपडे सांभाळायला बसवलं." इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हते. रोज शंभर लोकांना 'काय होतंय?' असे विचारणाऱ्या माणसाला!

येत्या आखाजीला लेकी माहेरी येतील. झोके बांधले जातील. सांजोऱ्या तळणाऱ्या बाईला त्या दिवशी घरातल्या कुणीतरी एवढेच विचारावे, "तुझं माहेर कुठे?" आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे.